जागा स्वतःची हवी!

मराठी मध्यमवर्गाला भाड्याच्या जागेत शांत झोप लागत नाही. वीस वर्षं हप्ते भरू, वन आरके घेऊ, टिटवाळ्याच्या पुढे जाऊ, पण जागा स्वतःची हवी. आता हाच नियम फोटोंनाही लागू झाला आहे.

याला कारण १ जून २०२१ ही तारीख. मे २०१५ मध्ये गुगल फोटोज सुरू झालं तेव्हा ‘हाय क्वालिटी’चे फोटो कितीही ठेवा, सगळं फुकट, असा मामला होता. फुकट म्हटल्यावर आपण मागे राहणार थोडेच! जेवणाच्या ताटापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळ्याचे फोटो तिकडे रवाना झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की आमच्याकडे ४ लाख कोटींहून जास्त फोटो जमलेत आणि दर आठवड्याला फोटो-व्हिडिओ मिळून २,८०० कोटींची भर पडते आहे. तेव्हा येत्या जूनपासून १५ जीबीच्या वर पैसे पडतील. त्या १५ जीबीतच जीमेल आणि ड्राइव्हही आलं. १०० जीबी हवी तर महिन्याला १३० रुपये. रक्कम काही मोठी नव्हती. पण ते भाडं होतं! दर महिन्याला, जन्मभर, आणि तेही आपल्याच मुलीच्या बारशाचे फोटो बघायला.

तेव्हापासून डोंबिवली, चिंचवड, नाशिक अशा ठिकाणी एक नवा गृहस्थ दिसू लागला आहे. हा घरात स्वतःचा सर्व्हर बसवतो. त्या यंत्राला ‘नॅस’ म्हणतात. एक पेटी, तिच्यात दोन-चार हार्ड डिस्क, पेटीतून राउटरला गेलेली एक केबल, आणि घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही तिच्यातून हवं ते घेतात, हवं ते ठेवतात. महिन्याचे १३० रुपये वाचवण्यासाठी हा गृहस्थ एकरकमी जे पैसे घालतो, तेवढ्यात किती वर्षांचं भाडं भरून झालं असतं, हा हिशोब बायकोने करायचा असतो. त्याने करायचा नसतो. त्याने फक्त ‘आपला डेटा आपल्याकडे’ असं म्हणायचं असतं. मी याच जमातीतला असल्यामुळे हे वाक्य घरात वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं आहे. कुठल्याच आवाजात परिणाम होत नाही.

यात दोन पंथ आहेत. पहिला पंथ तयार पेटी घेणाऱ्यांचा. सिनॉलॉजी, क्यूनॅप या तैवानच्या कंपन्या हे काम गेली वीस-पंचवीस वर्षं करत आहेत. पेटी आणायची, डिस्क सरकवायच्या, बटण दाबायचं. यात कष्ट नाहीत, त्यामुळे प्रतिष्ठाही नाही. दुसरा पंथ स्वतः जुळवणी करणाऱ्यांचा. या पंथात माणूस बहुधा एका वाक्याने ओढला जातो. माझ्या बाबतीत ते वाक्य भाच्याने उच्चारलं. हा हिंजवडीला नोकरीला असतो आणि सुट्टीला आला की आमच्या घरातल्या चालू वस्तू सुधारतो.

“मामा, तुमचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडूनच आहे ना?”

पडून असलेली वस्तू उपयोगात येणार, या कल्पनेने मराठी माणसाचं जे होतं ते माझं झालं. त्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची फुकट प्रणाली टाकता येते, हेही कळलं. वस्तू पडून असलेली आणि प्रणाली फुकट! उरलं काय, तर डिस्क. मग कळलं की मेमरी कमी पडते. पॉवर सप्लाय बदललेला बरा. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, तेव्हा नवं कॅबिनेट. शेवटी माळ्यावरच्या कॉम्प्युटरपैकी उपयोगात आला तो मदरबोर्ड आणि समोरचा स्टिकर.

डिस्क घ्यायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पालिकेच्या पाटीवर हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने तिथे अजून कोणी रॅम मागितलेली नाही. दुकानाचा आकार फ्रिज ठेवता येईल एवढा, आत तीन माणसं.

“नॅससाठी डिस्क हवी होती.”

“किती कॅमेरे आहेत?”

“कॅमेरे नाहीत. घरी वापरायची आहे.”

“घरी किती कॅमेरे?”

आपल्याकडे दिवसरात्र फिरणारी डिस्क फक्त दोन कामांसाठी खपते: सोसायटीचं गेट बघायला आणि दुकानाचा गल्ला बघायला. माणूस स्वतःचे फोटो ठेवायला अशी डिस्क घेतो, हे दुकानदाराला पटेना. भाच्याने मग त्याला ‘सीएमआर आहे का एसएमआर’ असं विचारलं. काही डिस्कांत माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असतात, ते सीएमआर. काहींत जागा वाचवायला एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, ते एसएमआर. दुसऱ्या प्रकारात एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात, आणि एक डिस्क बदलून सगळं नव्याने भरायची वेळ आली की काम कासवाच्या गतीने चालतं. दुकानदाराने शांतपणे खोका उलटा केला, मागचं सगळं वाचलं आणि म्हणाला, “ही चांगली आहे.” नंतर त्याने विचारलं, “बिल पाहिजे?” १८ टक्के जीएसटी आणि कंपनीची वॉरंटी यांच्या मधल्या अरुंद बोळात उभं राहून माणसाला जो निर्णय घ्यावा लागतो, तो संगणकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आम्ही बिल घेतलं. डिस्कच्या बाबतीत बिल म्हणजेच वॉरंटी.

४ टीबीच्या दोन डिस्क घरी आल्या. लॅपटॉपला जोडून पाहिलं तर जागा दिसली ३.६३ टीबी. शेजारचे काका तिथेच उभे होते. “मारली बघ त्याने! नळाच्या पाण्यापासून सगळीकडे हेच.” यात दुकानदाराने काही मारलेलं नसतं. डिस्क बनवणारी कंपनी हजारात मोजते आणि विंडोज १,०२४ मध्ये मोजतं, एवढाच फरक. पण हे काकांना समजावणं आणि सोसायटीच्या सभेत कार्पेट आणि बिल्टअप समजावणं सारखंच. दोन्हीकडे शेवटी ‘म्हणजे कमीच ना?’ हे उत्तर येतं.

खरी परीक्षा आईने घेतली.

“चार आणि चार आठ झाले ना रे?”

“नाही आई. दोन्हींवर एकच गोष्ट ठेवायची. त्यामुळे जागा चारच.”

“मग दुसरी कशाला आणलीस?”

“एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून.”

“आणि दोन्ही बिघडल्या तर?”

“दोन्ही एकदम नाही बिघडत.”

“एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणल्यास ना?”

भाचा आजीकडे बघतच राहिला. एकाच कारखान्यातल्या, एकाच घाण्याच्या डिस्क शक्यतो एकत्र घेऊ नयेत, हा सल्ला जाणकार देतात. आईला तो भाजीबाजारातच मिळालेला होता.

या दोन डिस्कांच्या जोडीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त, लहान डिस्कांची फौज उभी करा. फक्त त्यातली एखादी पडणार हे धरूनच रचना करा, असं त्यांचं म्हणणं. दोन डिस्क असतील तर सरळ दोन प्रती. तीन असतील तर थोडी हुशारी करता येते: पहिलीवर ५, दुसरीवर ३ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ८. कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिसरीचा आकडा काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी दुसरी क्रिया असते आणि ती खूण तिन्ही डिस्कांवर आलटून पालटून विखुरलेली असते, पण मुद्दा चौथीच्या गणिताएवढाच. पूर्वी डिस्क म्हणजे काय प्रकरण होतं ते ऐकलं की आपली ऐपत कळते. १९५६ मध्ये आयबीएमने हार्ड डिस्कचं पहिलं यंत्र आणलं. त्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि मावत होती ५० लाख अक्षरं. आज त्यात मामेभावाच्या हळदीतला एक फोटो जेमतेम बसला असता.

पेटी तयार झाल्यावर ती ठेवायची कुठे, यावर घरात चर्चा झाली. हॉलमध्ये ठेवली तर मालिकेतल्या हुंदक्यांच्या मध्ये ती घरघरते. बेडरूममध्ये ठेवली तर रात्री दोनला करकरते. माळ्यावर मे महिन्यात इतकं तापतं की तिथे ठेवलेलं लोणचंही अवघडतं. डिस्कलाही फार उष्णता मानवत नाही. देवघराखाली प्लग होता, पण “देवाच्या पायाशी पंखा नको” असा निकाल लागला. अखेर चपलांच्या कपाटावर जागा मिळाली. डिस्क आत मिनिटाला हजारो फेरे घेत असते, वाचणारी सुई पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असते, आणि बाहेर घरातला प्रत्येक जण तोल सावरायला त्याच कपाटाला धरून चप्पल घालत असतो.

शिवाय प्लग. कामाला येणाऱ्या मावशींचा फोन त्याच वेळी चार्जिंगला यायचा आणि त्या प्लगमध्ये आधीच असलेली वायर त्यांना बिनकामाची वाटायची. त्यांचं चूक नव्हतं. त्या पेटीचा कुणालाच काही उपयोग होताना दिसत नव्हता. मग यूपीएस आणला. वीज गेली की तो पेटीला निरोप देतो, पेटी हातातलं काम लिहून घेते आणि व्यवस्थित बंद होते. मावशींनी यूपीएसचाही प्लग काढला तेव्हा तो किंचाळला. आता त्या फोन फ्रिजजवळ लावतात आणि फ्रिजचा आम्ही विचार करत नाही.

पुढचा अध्याय केबलचा. गिगाबिट जाळ्यावरून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. आमच्याकडे अकरा-साडेअकराच जात होते. २ टीबी हलवायला एरवी पाच-सहा तास लागावेत, तिथे दोन दिवस दाखवत होतं. इंटिरियरचं काम झालं तेव्हा छताच्या आतून ही वायर टाकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. केबलमध्ये आठ तारा असतात. त्याने चारच जोडल्या होत्या.

“साहेब, चारवर चालतं. बाकीच्या चार एक्स्ट्रा असतात.”

शंभर मेगाबिटला खरंच चार पुरतात, त्यामुळे त्याला खोटं ठरवता येईना. गिगाबिटला आठही लागतात म्हटल्यावर त्याने इतक्या करुणेने माझ्याकडे पाहिलं, की कंपन्या तुम्हाला अशाच लुटतात हे त्याने न बोलता सांगितलं.

मग सामान हलवायला सुरुवात झाली. कपाटांतून लग्नाच्या सीड्या निघाल्या, त्यातल्या काही वाचल्या गेल्या नाहीत. पेनड्राइव्ह निघाले. जुन्या फोनांतलं निघालं. फोल्डरांची नावं अशी: ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे जुने’, ‘सगळे’, ‘सगळे फायनल’ आणि ‘डिलीट करू नये’. या शेवटच्या फोल्डरमध्ये एका बंद पडलेल्या मिक्सरचं मॅन्युअल होतं. एकच फोटो सहा ठिकाणी, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला सातवा, थोडा अंधुक. सुप्रभात तर इतके निघाले, की पुढच्या पिढ्यांना आमच्याकडे रोज सूर्य उगवत होता याविषयी तरी शंका राहणार नाही.

हे सगळं इमिच नावाच्या एका फुकट प्रणालीला दिलं. ती घरच्या घरी चेहरे ओळखते आणि एकाच माणसाचे फोटो एकत्र करून ‘हे कोण?’ म्हणून विचारते. आत्या आणि आजी यांना तिने एकच माणूस ठरवलं, ते आत्याला सांगितलेलं नाही. मुलीचे बाळपणीचे आणि आताचे फोटो मात्र तिने एका ओळीत लावले, ते सगळ्यांनी बराच वेळ पाहिले. सर्वांत मोठ्या गटांपैकी एक गट कुणाचा हे आम्हाला कळेना. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, हात जोडलेले. गणपतीत आहे, दहीहंडीत आहे, मुंजीच्या मिरवणुकीतही मागे आहे. नीट पाहिल्यावर कळलं की चौकातल्या फ्लेक्सवरचा हा भावी नगरसेवक. यंत्राच्या मते तो आमच्या घरातला महत्त्वाचा माणूस आहे. निवडणुकीच्या आधी त्याचंही तेच म्हणणं असतं.

दुहेरी-तिहेरी प्रती आणि सुप्रभात काढल्यावर घरातल्या सगळ्या आठवणी २०० जीबीच्या आत बसल्या. ही बातमी सौ.ने शांतपणे ऐकली. मग विजेचं बिल आणलं.

“अहो, ही पेटी किती वीज खाते?”

“फक्त ४० वॅट.”

“दिवसाचे चोवीस तास?”

हिशोब झाला: रोज जवळपास १ युनिट, महिन्याला २९. म्हणजे १०० जीबीच्या भाड्यापेक्षा आमची नुसती वीजच महाग. “रात्री फोटो कोण बघतं? रात्री बंद करा,” हा तिचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण मालकाकडे असतं तसं उत्तर माझ्याकडे होतं: रात्री पेटीचं खरं काम चालतं. सन मायक्रोसिस्टिम्सने जगापुढे ठेवलेल्या झेडएफएस या फाइलप्रणालीत प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण साठवलेली असते. महिन्यातून एका रात्री पेटी सगळे तुकडे वाचते, खूण जुळते का बघते, आणि एका डिस्कवरचा तुकडा सडला असेल तर दुसरीवरून दुरुस्त करते. “म्हणजे तुम्ही झोपलात की ती तुमचं काम तपासते,” सौ. म्हणाली. तत्त्वतः हो.

मग परदेश. न्यू जर्सीतल्या चुलत भावाला घरचे फोटो थेट आमच्या पेटीतून दाखवायचे होते. इथे नवीनच अडचण कळली: बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात, त्यामुळे बाहेरून नेमकं आपल्या घराचं दार वाजवता येत नाही. राउटरमध्ये थेट भोक पाडून पेटी जगाला उघडी करणं तर त्याहून वाईट. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला थेट उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या हजारो पेट्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडून ०.०३ बिटकॉइन मागितले. तेव्हा सुरक्षित वाट टेलस्केलसारख्या खासगी बोगद्याची. भाच्याने तो खणला. न्यू जर्सीच्या भावाला अॅप टाकायला लावलं, खातं उघडायला लावलं, लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलं, “मस्तच रे! पण व्हॉट्सअॅपवर टाक ना.”

असो. जागा स्वतःची झाली की भाडं थांबतं, हे खरं; पण भाडेकरूला रात्री झोप असते. आता पेटी मला ईमेल करते. तापमान वाढलं, एक सेक्टर बदलला, नवं व्हर्जन आलं. पूर्वी ही काळजी कॅलिफोर्नियातली पगारी माणसं करत होती. आता मालकही मी आणि रखवालदारही मीच, आणि दोघांनाही पगार नाही.

एक गोष्ट मात्र रेडने कधीच सुटत नाही. फोटो चुकून पुसला तर दोन्ही डिस्क अत्यंत आज्ञाधारकपणे त्याच क्षणी तो पुसतात. पाणी भरलं, शॉर्ट सर्किट झालं, चोराने कपाटासकट पेटी नेली, तर दोन्ही एकत्रच जातात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम यासाठीच आहे: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. हे मी आईला सांगत होतो, तोवर तिने तिचं कपाट उघडलं. घराचा करारनामा बँकेच्या लॉकरमध्ये, एक झेरॉक्स या कपाटात, एक झेरॉक्स नाशिकला मावशीकडे. “तुझ्या अमेरिकेतल्या माणसाला माझ्याकडून सांग, बरोबर आहे म्हणून.” तिच्याच सूचनेवरून एक साधी बाहेरची डिस्क आता नाशिकला असते आणि दिवाळीला, मे महिन्यात बदलली जाते. लाडूंच्या डब्याबरोबर जाते, रिकाम्या डब्याबरोबर जुनी परत येते.

तेव्हा घरी सर्व्हर बसवायचा असेल तर जरूर बसवा. हौस आहे, आणि हौसेला हिशोब लावायचा नसतो. पण पेटी आणण्याआधी तिसरी प्रत कोणाच्या घरी ठेवणार, हे ठरवा. दर काही महिन्यांनी त्या प्रतीतून एखादा जुना फोटो प्रत्यक्ष उघडून पाहा, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. आणि पेटीचा पासवर्ड कागदावर लिहून, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दाखवून, कपाटात ठेवा. कुटुंबाचे फोटो एकाच माणसाच्या स्मरणशक्तीवर ठेवणं हे सगळ्यांत कच्चं स्टोरेज आहे.